मोल्ले आणलेले मामा

आमच्या कोरियन भाषेत ‘मोल्ले’ असा एक शब्द आहे. सगळी नोकरी मी शाळेत भाषा शिकवण्यात घालवली आणि दर वर्षी हा शब्द फळ्यावर लिहून मुलांना सांगितलं, की मोल्ले म्हणजे गुपचूप, चोरून, कळू न देता. पण या शब्दाची एक खोड आहे. तो एकटा फारसा रमत नाही. मोल्ले म्हटलं की ऐकणारा विचारतो, कुणाच्या? बायको-मोल्ले घेतलेला पेला, सासू-मोल्ले खाल्लेलं रताळं, सगळ्या जगा-मोल्ले पुसलेले डोळे. म्हणजे शब्दाच्या आधी एक माणूस बसवायचा, ज्याला ते कळता कामा नये. व्याकरणात हा माणूस एक असला की पुरतो. आमच्या घरी मात्र त्या वर्षी अशा माणसांची रांग लागली आणि ती जिन्यावरून उतरत उतरत थेट पोलीस चौकीपर्यंत गेली.

गोष्ट चोंगजू शहरातली, सोलमध्ये ऑलिंपिक भरायच्या थोडी आधीची. पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. लिफ्ट नव्हती, पण नळाला गरम पाणी होतं आणि त्या गरम पाण्याच्या पुण्याईवर माझी बायको जिन्यावरून माझ्याशी भांडत नव्हती. तेवढ्यात आईचं गावाकडचं घर नव्या रस्त्यात गेलं. मला वाटलं, आता आई रडेल, हट्ट करेल. ती म्हणाली, “येते तुझ्याकडे.” इतक्या सहज म्हणाली, की मी बेसावध राहिलो.

“पण रांजण येणार,” ती पुढे म्हणाली.

रांजण म्हणजे सोया सॉसचा. काळा-तपकिरी, पोट सुटलेला, माझ्या कमरेला लागेल एवढा. त्यातला मूळ सॉस आईच्या सासूने घातलेला. दर वर्षी नवा करायचा आणि विरजण लावावं तसा जुना त्यात मिसळायचा. त्यामुळे तळाशी कोणत्या काळातला सॉस आहे हे कुणालाच सांगता आलं नसतं. युद्धात सगळे घर सोडून दक्षिणेकडे पळाले तेव्हा आईने त्यातला मडकंभर सॉस कडेवर घेतला आणि मला चालायला लावलं. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. ही हकिकत ती अभिमानाने सांगायची. मीही ऐकून घ्यायचो.

अडचण एकच होती. आमच्या इमारतीत रांजणांना बंदी होती.

ही बंदी महिला मंडळाच्या अध्यक्षा क्वाकबाई यांची. पूर्वी कुणाच्या तरी गॅलरीतला रांजण तडकून त्यातला सॉस क्वाकबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान बढतीच्या मुलाखतीला तपकिरी ठिपक्यांचा शर्ट घालून गेले आणि बढती दुसऱ्याला मिळाली. हे गृहस्थ मला जिन्यात भेटत. त्यांच्याकडे पाहून वाटायचं, की कोरा शर्ट असता तरी फारसा फरक पडला नसता. पण तो विषय काढण्यासारखा नव्हता.

“क्वाकबाईंना जाऊन विनंती करतो,” मी म्हणालो.

“करा,” बायको म्हणाली. “म्हणजे त्या नाही म्हणतील आणि वर पाळत ठेवतील. आत्ता निदान पाळत नाही.”

“मग?”

“मोल्ले आणायचा,” आई म्हणाली.

“अगं आई, म्हणजे फसवणूकच ना?”

“भाषेचा मास्तर तू का मी? फसवणूक म्हणजे खोटं सांगायचं. मोल्ले म्हणजे खरं सांगायचं नाही. दोन्हींत फरक आहे.”

हा फरक मला कोणत्याही शब्दकोशात सापडलेला नाही. पण त्या वेळी तो पटला.

माझा मेहुणा बोक-मान खेड्यात राहायचा. त्याच्याकडे एक खिळखिळा छोटा ट्रक होता आणि प्रत्येक अडचणीवर एक उपाय असायचा. उपाय त्या ट्रकसारखेच असायचे, पण त्याला ते सांगणार कोण? रांजण रात्री आणावा असं माझं मत पडलं. आईने ते उडवून लावलं. “रात्री काही आणलं की लोक विचार करतात. दुपारी आणलं की नुसतं बघतात.” मग बोक-मानने रांजणाचं झाकण मेणकापड घालून करकचून बांधलं, सगळा रांजण रजईत गुंडाळला आणि पाठीवर ओझं वाहायच्या लाकडी चौकटीवर चढवला. वरून थंडी लागू नये तशी लोकरीची टोपी घातली.

“टोपी कशाला रे?” मी विचारलं.

“झाकणाचा आकार दिसतो, दाजी. आता कसं, गाठोडं वाटतंय.”

गाठोडं वाटत नव्हतं. पण तेव्हा ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. कुणी विचारलं तर पुस्तकं म्हणायचं, असं ठरलं होतं. मास्तराच्या घरी पुस्तकं येणार नाहीत तर काय येणार?

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर क्वाकबाई उभ्या होत्या. बोक-मान वाकून, घामाघूम होऊन एकेक पायरी चढत होता आणि प्रत्येक पायरीला पोटातून कण्हत होता. मी मागून रजईला आधार देत होतो. आई पुढे, बायको सगळ्यांत मागे.

क्वाकबाईंनी रजई पाहिली, टोपी पाहिली, कण्हणं ऐकलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला.

“अगंबाई! कोण हो हे, मिनसर? फारच आजारी दिसताहेत.”

माझ्या जिभेवर ‘पुस्तकं’ तयार होतं. पण पुस्तकं कण्हतात हे कसं सांगणार? मी म्हणालो, “मामा.”

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. तिला भाऊ नव्हता.

“गावाहून आणलंय,” मी म्हणालो. एकदा मामा जन्माला घातल्यावर त्यांना कुठून तरी आणणं भाग होतं.

“बरं केलंत. आजकाल म्हाताऱ्यांना कोण विचारतं?” क्वाकबाईंचा आवाज मऊ झाला. एवढ्यात त्या नाक मुरडून थबकल्या. मेणकापड कुठेतरी सैल झालं होतं आणि रजईतून पायरीवर तपकिरी थेंब पडत होते. टप, टप.

मी डोळे मिटले.

“जाऊ द्या, जाऊ द्या,” क्वाकबाई घाईने म्हणाल्या. “माझ्या सासऱ्यांचंही शेवटी शेवटी असंच व्हायचं. तुम्ही वर न्या त्यांना. जिना मी पुसून घेते.”

आणि ज्या बाईने सॉसच्या थेंबापायी इमारतीतून रांजण हद्दपार केले, तीच बाई गुडघे टेकून आमच्या सॉसचे थेंब पुसत वर आली. वर जाताना मागून त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, “किती खारट वास येतोय बाई! मिठाचं पथ्य पाळत नसणार.”

दुसऱ्या दिवसापासून पेज यायला लागली. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की शेजारपाजारचे तांदळाची पेज करून आणतात. कुणी पाइनच्या बियांची आणली, कुणी लाल भोपळ्याची, तळमजल्यावरच्या बाईंनी तर समुद्रातल्या शंखातल्या गोगलगायीची, म्हणजे चांगलीच महागडी. तोवर आम्ही त्या इमारतीत पाहुण्यासारखे राहत होतो, समोरच्या दाराला नाव होतं का नव्हतं तेही मला ठाऊक नव्हतं. आता सगळी दारं आमच्याकडे यायला लागली. पातेलं दारात घ्यायचं, “मामांना बरं वाटतंय का?” याला “आज जरा डोळे उघडले” असं काहीतरी म्हणायचं आणि पेज आपण खायची. मी जाड झालो. शाळेत शिपायाने विचारलं, “मिनसर, घरी आजारपण आहे म्हणे?” आणि माझ्या पोटाकडे पाहिलं.

त्यातून सॉसला ऊन लागतं. दुपारी आई गॅलरीत रांजणाचं झाकण काढायची, दाराची घंटा वाजली की आम्ही धावत जाऊन तो खोलीत सरकवायचो आणि रजई, टोपी घालायचो. वास मात्र कुठे सरकवणार?

तिसऱ्या मजल्यावर बांग वैद्य राहायचे. जडीबुटीचं दुकान मुलाला देऊन ते निवृत्त झाले होते आणि निवृत्तीमुळे त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी आमच्या दारात उभं राहून दीर्घ श्वास घेतला.

“यकृत,” ते म्हणाले.

“काय?”

“या वासाचा आजार यकृताचाच. नाडी बघायची गरज नाही. काढा पाठवतो. भांडं रिकामं परत आलं पाहिजे, हां.”

काढा आला. काळा, कडू, वाडगाभर. मी तो मोरीत ओतायला निघालो तर आईने अडवलं. “दुसऱ्याने तास न् तास चुलीपाशी बसून उकळलेलं औषध मोरीत? पी.”

“अगं, पण माझं यकृत ठीक आहे.”

“रांजणाचंही ठीक आहे. तो पिणार आहे का?”

रोज सकाळ-संध्याकाळ मी मामांचा काढा प्यायलो. त्याने काय झालं ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगतो, की व्याकरणाच्या तासाला मी दोनदा वर्गाबाहेर गेलो आणि दुसऱ्यांदा परतायला घंटा झाली. बांग वैद्य मात्र जिन्यात रोज विचारायचे, “पोट साफ होतंय का त्यांचं?” मी अगदी मनापासून म्हणायचो, “हो.”

खरं संकट आलं ते कचेरीतून. तेव्हा घरात नवा माणूस राहायला आला की वॉर्डाच्या कचेरीत नोंद करावी लागायची. महिन्याच्या रहिवासी सभेत क्वाकबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “मिनसर, मामांची नोंद केलीत ना?” मग गेलो कचेरीत. खिडकीमागचा तरुण कारकून पेन उघडून बसला.

“नाव?”

“तात्पुरतेच आले आहेत हो ते. नोंद लागते का, एवढंच विचारायला आलो.”

“नाव सांगितल्याशिवाय लागते का ते कसं सांगू? वय?”

रांजणाचं वय मला माहीत होतं. मी सांगितलं. कारकुनाने मान वर केली. “एवढे म्हातारे? आधीच्या पत्त्याचा दाखला?”

“ते घर रस्त्यात गेलं.”

“ओळखपत्र?”

“नाही.”

“बोटाचे ठसे?”

मी रांजणाची बोटं डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. “बोटं... हलत नाहीत,” मी म्हणालो.

कारकुनाने पेन मिटलं आणि माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. मीही वळलो. भिंतीवर तेव्हा सगळीकडे असायची तशी पाटी होती, अनोळखी माणूस संशयास्पद वागताना दिसल्यास त्वरित कळवा. तोंड न दाखवणारा, कागदपत्रं नसलेला, दुपारी गुंडाळून आणलेला माणूस! त्या काळात लोक याहून कमी गोष्टींवरून उत्तर कोरियाचे हेर ठरत. मी तडक घरी आलो.

“आई, आता सांगून टाकू.”

“काय सांगणार?” बायको म्हणाली. “गेले कित्येक दिवस आपण त्यांची पेज खातोय. कोणत्या तोंडाने?”

ते तोंड मला दाखवावंच लागलं नाही. दुसऱ्याच दुपारी घंटा वाजली. दारात चौकीचा पोलीस, त्याच्यामागे क्वाकबाई, बांग वैद्य आणि जिन्याच्या पायऱ्यांवर उरलेली इमारत.

“मिनसर, गैरसमज नको,” क्वाकबाई म्हणाल्या. “कुणीतरी कळवलं. मी म्हटलं, आपण सोबत जाऊ. मामा साधे आहेत हे आपण सांगू.” कुणी कळवलं हे मी विचारलं नाही. त्यांची नजर जमिनीवर होती.

सगळे आत आले. मामा कोपऱ्यात बसले होते, रजईत, टोपी घालून, भिंतीला टेकून. पोलीस कमरेत वाकून नमस्कार करत म्हणाला, “आजोबा, जरा दोन शब्द बोलायचे होते.” मामा गप्प. पोलिसाने आवाज चढवला. मामा गप्प. मग बांग वैद्य पुढे झाले, गुडघ्यांवर बसले आणि नाडी बघायला त्यांनी हात रजईखाली घातला. हात शोधत शोधत वर गेला, खाली आला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“थंड,” ते कुजबुजले. “दगडासारखे थंड. आणि... सुजलेत फार.”

“अरे देवा!” क्वाकबाईंनी जमिनीवर बसकण मारली आणि हंबरडा फोडला. “मामा हो! कुणी बघायलाही नव्हतं हो जवळ!” पायऱ्यांवरच्या बायकांनी सूर धरला. पोलिसाने टोपी काढली. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्या रडण्यात मला स्वतःचाच आवाज येईना. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्या भाषेत याला ‘स्वतः-मोल्ले’ म्हणतात, म्हणजे आपल्यालाच न कळता.

आईला मात्र ते सहन झालं नाही. भरल्या रांजणासमोर रडणं? सॉस नासला म्हणजे? ती तरातरा पुढे आली, “बंद करा ते रडणं!” म्हणून ओरडली आणि तिने रजई ओढली.

असा सन्नाटा मी आयुष्यात परीक्षेच्या वर्गातही ऐकलेला नाही. पोलिसाने टोपी पुन्हा घातली. बांग वैद्य अजून रांजणाला धरून बसले होते. त्यांनी हळूच हात काढला, हुंगला आणि विचारलं, “माझा काढा कोण पीत होतं?”

मी हात वर केला.

क्वाकबाई उठल्या. त्यांच्या गालांवर अजून ओघळ होते. “जिना मी पुसला,” त्या म्हणाल्या. “गुडघ्यांवर बसून.” एवढंच बोलून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सभा झाली. रांजण ठेवल्याबद्दल कुणीच फारसं बोललं नाही. राग होता तो पेजेबद्दल. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, “स्वतःच्या नवऱ्याला मी कधी गोगलगायीची पेज दिली नाही!” यावर नवरा म्हणाला, “हेही आज कळलं.” मी माफी मागायला उभा राहिलो आणि भाषेचा शिक्षक असूनही वाक्य पूर्ण करू शकलो नाही. निकाल लागला, की रविवारी रांजण इमारतीबाहेर. बोक-मान तो आपल्या गावी नेणार.

आई भांडली नाही. म्हणाली, “ज्यांची पेज खाल्ली त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.” रविवारी सकाळी रांजण उघडाच, रजईशिवाय, खाली अंगणात उतरवला आणि आई लाकडी डाव घेऊन त्याच्या शेजारी बसली. प्रत्येक घरातून माणसं बाटल्या घेऊन आली. दारूच्या बाटल्या, औषधाच्या बाटल्या, एकाने तर फुलदाणी आणली. आई ओतत होती, प्रत्येकाला सांगत होती, “उकळू नका. शेवटी घाला.” क्वाकबाई आल्या नाहीत. आईने एक बाटली भरून त्यांच्या दाराशी नेऊन ठेवली. ट्रक निघाला तेव्हा रांजणात निम्माच सॉस होता आणि आई ट्रक दिसेनासा झाल्यावरही तिथेच उभी होती.

त्या हिवाळ्यात बोक-मानने ट्रक मागे घेताना रांजण फोडला.

त्याने हे आमच्यापासून कितीतरी दिवस लपवलं. शेवटी बहिणीजवळ फोनवर रडला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आई-मोल्ले ठेवायचं ठरवलं आणि रात्रीच्या जेवणापर्यंतही ते जमलं नाही. आई ताटावरून उठली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी उठली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बायकोने पेज केली, तिने चमचाही लावला नाही. मला पहिल्यांदाच भीती वाटली. बायको जिन्यात कुणाशी तरी बोलताना रडली असावी. नक्की कुणाशी, ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

त्यानंतर एका सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं, तर दारात बाटली. त्यात तीन बोटं सॉस. दुपारी आणखी दोन. घंटा वाजायची, दार उघडेपर्यंत जिन्यात फक्त सपातांचा आवाज. संध्याकाळपर्यंत उंबऱ्याशी बाटल्यांची ओळ झाली. फुलदाणीही होती.

मी आईला धरून दारापर्यंत आणलं. ती बघत राहिली. मग खाली बसली, पहिल्या बाटलीत करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

“वैद्यबुवांकडची. बाटलीला काढ्याचा वास आहे.” दुसरी. “समोरच्यांची. तिळाच्या तेलाची बाटली नीट धुतली नाही.” तिसरी. “तळमजला. हिने उकळला होता, सांगूनसुद्धा!” आवाज चढत होता. बायकोने मला हळूच चिमटा काढला. आईला भूक लागली होती.

बाजारातून गुडघ्याएवढा नवा रांजण आणला आणि सरळ गॅलरीत ठेवला. क्वाकबाई अंगणातून जाताना आमच्या गॅलरीखाली आल्या, की त्यांना पलीकडच्या डोंगरात काहीतरी बघायचं असे. आई एकेक बाटली गाळून रांजणात ओतत गेली. शेवटची चाखली आणि तिने तोंड वाकडं केलं.

“साखर!” ती म्हणाली. “माझ्या सासूच्या सॉसमध्ये साखर घातलीय हिने! ही अध्यक्षीणबाईची. ही नाही घालणार मी. सगळा नासेल.”

तिने ती बाटली वेगळी काढून फळीवर ठेवली. दोन दिवस ती तिथेच होती. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर बाटली धुऊन उपडी घातलेली होती आणि आई गॅलरीत पाठमोरी बसून रांजणाचं झाकण पुसत होती.

त्या वर्षी आमच्याकडचं सगळं कालवण जरासं गोड लागायचं. जेवताना बायको माझ्याकडे बघायची, मी वाडग्यात बघायचो आणि आई आम्हा दोघांना म्हणायची, “घ्या की अजून थोडं.”